गाडीचा तळ आणि गंज : जळक्या ऑईलपासून मेणापर्यंत

गोव्यात वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणून गाडीच्या तळाला लागणाऱ्या गंजाचा दोष आपण पावसाला देतो. नुसता पाऊस मात्र तळ धुऊनही काढतो. खरे नुकसान मीठ करते. साधे मीठ हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की पाणी शोषून विरघळू लागते. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराईडही असते आणि त्याला 33 टक्के आर्द्रता पुरते. इतकी कोरडी हवा आपल्याकडे क्वचितच असते. मिरामार, कळंगुट, वास्को या पट्ट्यात उभ्या राहणाऱ्या किंवा फेरीच्या धक्क्यावर खाऱ्या पाण्यातून चाके नेणाऱ्या गाडीच्या मडगार्डमागे तांबड्या मातीचा जो थर बसतो, तो म्हणूनच जानेवारीतही आतून ओलसर सापडतो.

अँबेसेडर आणि फियाटच्या काळात यावर एकच उपाय होता. सर्व्हिसिंगला गाडी रॅम्पवर चढवायची, तळ धुवायचा आणि जळके ऑईल फवारायचे. हा उपाय अडाणीपणाचा नव्हता. तेलाचा थर सुकत नाही, चरा पडला तरी पसरून तो भरतो आणि सांध्यांत शिरतो. पण जळक्या ऑईलमध्ये इंजिनातली आम्लेही उतरलेली असतात. त्याने सस्पेन्शनचे रबरी बुश (सांध्यांतल्या रबरी कड्या) फुगतात, धूळ चिकटून लगदा होतो आणि गळलेले तेल अंगणातून विहिरीपर्यंत झिरपू शकते. त्या गाड्यांचा पत्रा जाड होता म्हणून बरेच निभावले. डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली आणि हलक्या, पातळ पत्र्याच्या गाड्यांचे युग सुरू झाले. वेगळी चेसिस (खालचा सांगाडा) अँबेसेडर-फियाटलाही नव्हती, भार सगळा बॉडीच्या पोकळ पेट्यांवर, म्हणजे पत्रा दुमडून केलेल्या बंद नळ्यांवर. आता मात्र पत्रा बहुतेक ठिकाणी एक मिलिमीटरहून पातळ.

मग डांबरी अंडरकोटिंग आले. काळा, जाड, रबरासारखा हा थर गाडी नवी असताना खड्यांचा मार आणि आवाज दोन्ही अडवतो. काही वर्षांत तो कडक होऊन तडकतो, तड्यांतून खारे पाणी आत जाते आणि बाहेर येत नाही. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे तो कोटिंगला आतून उचलतो. वरून तळ काळा कुळकुळीत दिसतो आणि स्क्रू-ड्रायव्हर टोचला की आरपार जातो. जुन्या गंजावर किंवा ओल्या पत्र्यावर मारलेले कोटिंग काहीच न मारण्यापेक्षा वाईट, असे आम्ही ठामपणे सांगू.

थंड देशांत बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे तिथे हाच प्रश्न आधी भेडसावला. 1959 मध्ये डेट्रॉईटला कर्ट झीबार्ट यांनी पोकळ पेट्यांना भोके पाडून आतून संरक्षक थर फवारण्याचा व्यवसाय सुरू केला. गंज बंद पोकळीतून बाहेर येतो, ही त्यामागची जाण होती. गोवेकरांना ती वेगळ्या रीतीने पटली आहे: 5 जुलै 1986 रोजी मांडवीवरचा पूल कोसळला, तेव्हा काँक्रीटच्या आत दडलेल्या पोलादी केबल्सचा गंज हे एक कारण पुढे आले होते. 1960 च्या दशकात कारखान्यांनी अख्खी बॉडी रंगाच्या टाकीत बुडवून विजेच्या प्रवाहाने थर चढवायला सुरुवात केली, पुढे काहींनी जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा घेतला. आजच्या गाडीला हा पाया मिळालेला असतो. घरी राखायचे ते सांधे, खड्यांनी टवके उडालेले भाग आणि पोकळ्या.

तळ राखण्याचे हे काम एप्रिल-मे मध्ये करावे. आधी गोड्या पाण्याने धुवावे. किनाऱ्यालगतच्या विहिरीचे मचूळ पाणी नको. पुढे दोन दिवस कडक ऊन लागू द्यावे. गाडी फक्त जॅकवर ठेवून खाली कधीही शिरू नये. स्टँड लावावेत, आणि अंगण मातीचे असेल तर त्यांच्याखाली जाड फळी घालावी. सुटलेले जुने कोटिंग खरवडून काढावे, गंज तारेच्या ब्रशने आणि 80 नंबरच्या पॉलिश पेपरने उतरवावा, थिनरने तेलकटपणा पुसावा. उरलेल्या डागांवर फॉस्फोरिक आम्लाचे रस्ट कन्व्हर्टर (गंजाला स्थिर थरात बदलणारे द्रव) लावून डब्यावर लिहिलेला वेळ पूर्ण द्यावा. त्यावर इपॉक्सी प्रायमर. नुसता रेड ऑक्साईड मारून गाडी रस्त्यावर काढणे ही नेहमीची चूक आहे, कारण त्याचा थर सच्छिद्र असतो आणि वर दुसरा रंग नसला तर पाणी धरतो.

उघड्या भागावर कोटिंगचे दोन पातळ हात द्यावेत, मधे पहिला सुकू द्यावा. लहान गाडीला दोन लिटरच्या आसपास पुरते. सायलेन्सर, ब्रेकची डिस्क आणि होज, हँडब्रेकची केबल, सेन्सर आधी कागद-टेपने झाकावेत. दरवाज्याखालच्या पेट्यांत आणि तळाच्या आडव्या मेंबरांत (पोकळ तुळ्यांत) कडक कोटिंग नको. तिथे लांब नळीच्या नोझलने कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे पोकळीसाठीचे मेण, मारावे. ते मऊ राहते आणि शिवणीत झिरपते, म्हणजे जळक्या ऑईलचा गुण त्याच्या दोषांशिवाय मिळतो. वाफ पेट घेते, म्हणून उघड्या जागेत काम करावे आणि जवळ आग नसावी.

शेवटी दरवाज्यांच्या आणि पेट्यांच्या तळाची निचऱ्याची भोके बारीक तारेने मोकळी करावीत. वॅक्स मारताना तीच बुजतात, आणि पहिल्या मोठ्या पावसात पेटी आतून भरते. पावसाळा सरला की ऑक्टोबरात पुन्हा धुऊन मडगार्डच्या कडा आणि जॅक लावायच्या जागा पाहाव्यात. कोटिंग तिथेच आधी सुटते.