चिंबोराझोच्या आधी पिचिंचा का?

इक्वाडोरच्या कुठल्याही गिर्यारोहण एक्सपिडिशनचा प्लॅन काढून बघा, थोड्याफार फरकाने तोच असतो, राजधानी कीटोत (2,850 मीटर) दोन-तीन दिवस, मग पिचिंचा, मग इलिनिझा नॉर्ते (5,126), मग कोटोपाक्सी (5,897) आणि सगळ्यात शेवटी चिंबोराझो, सहा हजार दोनशेच्याही वर. सगळे ज्वालामुखीच. आज आपण याला अ‍ॅक्लमटायझेशन म्हणतो, म्हणजे विरळ हवेची शरीराला हळूहळू सवय लावणं, पण आधीच्या लोकांनी हे डोकं धरून बसत, मळमळत शिकलंय.

जर्मन शास्त्रज्ञ हम्बोल्ट 1802 मध्ये आधी पिचिंचावर गेला आणि जूनमध्ये चिंबोराझोवर, म्हणजे क्रम आजचाच, फक्त सराव वगैरे त्याच्या डोक्यात नव्हता, तो बॅरोमीटर घेऊन मोजमापं करत हिंडत होता. चक्कर, मळमळ, हिरड्यांतून रक्त, आणि वर वाटेत मोठी भेग आडवी आली म्हणून परत फिरले. त्याच्या स्वतःच्या हिशोबाने तोवर साधारण 5,900 मीटर झाले होते.

पण खरी गंमत इंग्रज गिर्यारोहक व्हिंपरची. आल्प्समधलं मॅटरहॉर्न शिखर पहिल्यांदा चढला तोच हा. 1879 च्या डिसेंबरात खेचरांवर सामान लादून हा चिंबोराझोच्या दुसऱ्या कॅम्पला, पाच हजारांच्या आसपास पोचला आणि तिथे तो आणि त्याचे दोघे इटालियन गाईड, सगळे आडवे, ताप, डोकेदुखी, श्वास पुरेना. सोबतचा पेरिंग तब्येतीने तोळामासा, पण इक्वाडोरमध्येच राहिलेला, त्याला फारसं काही झालंच नाही! काही दिवसांत हे सावरले, 4 जानेवारी 1880 ला माथा गाठला. मग फेब्रुवारीत पठ्ठ्या मुद्दाम कोटोपाक्सीच्या डोक्यावर 26 तास तंबू ठोकून राहिला, तो त्रास परत होतो का बघायला. जवळजवळ झालाच नाही, उलट खालच्या गरम राखेने तंबूचा रबरी तळ वितळायला आला, त्याचाच वास.

या त्रासाचं कारण फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल बेरने 1878 मध्येच मांडलं होतं, हवेचा दाब घटला की ऑक्सिजन कमी पडतो. शरीर आधी श्वास वाढवतं, मग किडनी रक्तातल्या आम्ल-अल्कलीचा तोल सांभाळते, लाल पेशी वाढायला तर कित्येक आठवडे लागतात, म्हणून दिवसा वर जायचं, झोपायला खाली यायचं.

आणि ज्वालामुखीच का, तर ते सुटे उभे असतात, गाडी पार वरपर्यंत जाते, कोटोपाक्सीला साडेचार हजारांच्या वर पार्किंग आहे, त्यामुळे अर्ध्या दिवसात वर जाऊन परत येता येतं. अर्थात तेवढ्याच सहज आजारीही पडता येतं.

चिंबोराझोवर 5,000 मीटरवर आज जो रेफ्युजिओ (गिर्यारोहकांचा निवारा) आहे, त्याला नाव व्हिंपरचंच दिलंय.