लॉस एंजेलिसच्या पायाखाली: मध्यम भूकंपांनी दाखवलेले भ्रंश

कॅलिफोर्नियातला भूकंप म्हटलं की सॅन अँड्रियास भ्रंशाचं, म्हणजे खडक जिथे तुटून सरकतो त्या लांबलचक फटीचं, नाव आधी येतं. १९०६ मध्ये सॅन फ्रान्सिस्को उद्ध्वस्त झालं ते याच भ्रंशावर. त्या भूकंपानंतरच्या मोजमापांवरून हॅरी फील्डिंग रीड यांनी १९१० मध्ये सांगितलं की भ्रंशाच्या दोन्ही बाजूंचा खडक वर्षानुवर्षं ताणला जातो आणि एक दिवस झटक्यात सुटतो. लॉस एंजेलिस शहरापासून मात्र हा भ्रंश डोंगरांपलीकडे, पन्नासेक किलोमीटरवर आहे. खुद्द शहराखाली काय दडलंय हे कळायला बहुतेक सगळं विसावं शतक गेलं. आणि ते कळलं ते रिश्टर मापनावर साधारण पाच ते साडेसहाच्या दरम्यान भरणाऱ्या धक्क्यांमुळे. अशा धक्क्यांची बातमी दोन दिवसांत शिळी होते.

सुरुवात धरायची तर २१ जून १९२० पासून धरावी. त्या दिवशी शहराच्या नैऋत्येला इंगलवूड इथे धक्का बसला. धक्का मध्यमच, पण नुकसान एका लहानशा पट्ट्यात एकवटलेलं. भूवैज्ञानिक स्टीफन टेबर यांनी त्याचा अभ्यास केला आणि त्यांचं लक्ष टेकड्यांकडे गेलं. हा सगळा भाग सपाट मैदानाचा. त्यातून बाल्डविन हिल्स, डोमिंगेझ हिल्स, सिग्नल हिल अशा बुटक्या टेकड्या दोऱ्यात ओवल्यासारख्या आग्नेयेकडे, समुद्राच्या दिशेने जातात. मैदानात टेकड्या अशा उगीच ओळीने उभ्या राहत नाहीत. खालचा भ्रंश सरकतो, वरचे थर दुमडतात, फुगतात. त्या फुगवट्यांना आपण टेकड्या म्हणतो. हाच पुढे न्यूपोर्ट-इंगलवूड भ्रंश म्हणून ओळखला गेला. पुढच्याच वर्षी सिग्नल हिलवर तेल लागलं. त्याचंही कारण तेच: दुमडलेल्या, तुटलेल्या थरांत तेल अडकून राहतं. तेलवाले आणि भूकंपवाले एकाच जमिनीकडे बघत होते, फक्त विचारत होते वेगळं.

१० मार्च १९३३ ला संध्याकाळी पावणेसहा वाजून गेल्यावर याच भ्रंशाने ६.४ चा धक्का दिला. नाव पडलं ‘लाँग बीचचा भूकंप’, पण सुरुवात झाली ती आग्नेयेला न्यूपोर्ट बीच-हंटिंग्टन बीचच्या बाजूला. तिथून फाटत फाटत तो लाँग बीचकडे आला आणि मार तिथे बसला. सुमारे १२० माणसं गेली. सत्तरएक शाळा जमीनदोस्त झाल्या. विटांच्या भिंती, लोखंडी सळ्यांचा आधार नाही, खाली नदीच्या गाळाची भुसभुशीत जमीन. शाळा सुटून गेल्या होत्या म्हणून मुलं वाचली. धक्का तीन-चार तास आधी बसला असता तर, हा विचार लोकांच्या डोक्यातून जाईना. महिनाभरात राज्याने शाळांच्या बांधकामासाठी ‘फील्ड कायदा’ केला. सरकारी कामाच्या हिशेबाने हा वेग आजही आश्चर्याचा वाटतो.

जमीन जोरात हलताना किती हलते, हे नोंदवणारी यंत्रं त्या भागात नुकतीच, १९३२ मध्ये बसली होती. त्यामुळे विध्वंसक हादऱ्याची मोजणी पहिल्यांदा इथे हाती आली. जवळच पासाडेनात भूकंपशास्त्रज्ञ चार्ल्स रिश्टर याच प्रदेशातल्या लहान-मोठ्या धक्क्यांच्या नोंदी लावत होते आणि १९३५ मध्ये त्यांनी आपलं प्रसिद्ध मापन मांडलं. खगोलशास्त्रात ताऱ्यांच्या तेजाची ‘प्रत’ असते, ती कल्पना त्यांनी इकडे आणली. एक अंक वाढला की ऊर्जा साधारण ३२ पटींनी वाढते. आपल्या बातम्यांत यालाही ‘तीव्रता’ म्हणतात आणि एखाद्या गावी किती हादरलं त्यालाही ‘तीव्रता’च, त्यामुळे बराच घोळ होतो. पहिला आकडा संपूर्ण भूकंपाचा, एकच. दुसरा गावागणिक वेगळा.

हा फरक किती महागात पडतो ते मोरोक्कोतल्या अगादीर या बंदराने पाहिलं. २९ फेब्रुवारी १९६० च्या रात्री तिथे बसलेला धक्का सहाच्याही खालचा होता. पण नाभी, म्हणजे भूकंप जिथे सुरू होतो ती जमिनीखालची जागा, उथळ, तीही जवळपास शहराखालीच, आणि घरं कच्च्या दगडमातीची. किमान बारा हजार लोक मेले. शहर पुन्हा बांधलं ते दक्षिणेला सरकून.

लॉस एंजेलिसची समजूत बदलली ती १ ऑक्टोबर १९८७ ला. सकाळी पावणेआठच्या सुमारास शहराच्या पूर्वेला व्हिटियर नॅरोज इथे ५.९ चा धक्का बसला. आठ जण दगावले. जवळच व्हिटियर भ्रंश नकाशावर होता, म्हणून पहिला संशय त्याच्यावर. पण नोंदी जुळेनात. भूकंपाची पहिली लाट काही ठिकाणी यंत्राची सुई वर नेते, काही ठिकाणी खाली. म्हणजे कुठे जमीन ढकलली जाते, कुठे ओढली जाते. कुठे वर आणि कुठे खाली हे नकाशावर मांडलं की खडक कोणत्या पातळीवर, म्हणजे भ्रंशाच्या कोणत्या सपाट पृष्ठावर, कोणत्या दिशेने सरकला ते उमगतं. त्यात नंतरच्या शेकडो लहान धक्क्यांच्या जागा बसवल्या की ती पातळी डोळ्यांपुढे उभी राहते. इथे दिसली ती उत्तरेकडे हलकेच उतरत जाणारी पातळी, सुमारे १४ किलोमीटर खोल, आणि तिच्यावर एक बाजू दुसरीवर चढलेली. जमिनीवर एक भेगही नाही. असा भ्रंश पृष्ठभागापर्यंत पोचतच नाही. रस्त्यावरून हिंडून तो सापडणं शक्य नव्हतं.

मग कामी आले ते तेलवाले. तेल शोधताना कंपन्या जमिनीला हादरे देऊन खालच्या थरांवरून परतणाऱ्या लाटा नोंदवतात. तशा नोंदी तपासून १९९९ मध्ये जॉन शॉ आणि पीटर शियरर यांनी शहराच्या मध्यभागाखालून जाणारा ‘प्युएंते हिल्स’ भ्रंश दाखवला आणि १९८७ चा धक्का त्याच्याच एका तुकड्यावरचा असल्याचं सांगितलं. बाकीचा भ्रंश तेव्हा हललाच नव्हता. २००३ मध्ये जेम्स डोलन आणि सहकाऱ्यांनी बोअर मारून वाकलेले गाळाचे थर मोजले, तेव्हा गेल्या ११ हजार वर्षांत या भ्रंशावर चार मोठे भूकंप झाल्याचं दिसलं. अंदाज सातच्या वरचा.

पुढे लाँग बीचमध्येही तेच झालं. २०११ मध्ये तिथे तेलासाठी जमिनीची कंपनं टिपणारे पाच हजारांहून जास्त संवेदक शंभर-शंभर मीटरवर पुरले होते. गाड्या, आगगाड्या, विमानं यांच्या गोंगाटासकट ती सगळी नोंद शास्त्रज्ञांनी मागून घेतली आणि भ्रंशाभोवतीच्या खडकाचं चित्र काढलं. समुद्राखालचा भाग जहाजांवरून ध्वनिलाटा सोडून पाहिला गेला. २०१७ च्या अभ्यासात न्यूपोर्ट-इंगलवूड भ्रंश किनाऱ्यालगत थेट सॅन डिएगोच्या रोझ कॅन्यन भ्रंशापर्यंत जोडला गेला. मधली अंतरं दोन किलोमीटर किंवा त्याहून कमी, म्हणजे एका तुकड्यावरचं फाटणं दुसऱ्यावर उडी मारू शकेल इतकी.

१२ ऑगस्ट २०२४ ला लॉस एंजेलिसमधल्या हायलँड पार्कजवळ ४.४ चा धक्का बसला. फडताळातल्या वस्तू पडल्या, फारसं काही झालं नाही. भूकंपतज्ज्ञांनी मात्र त्याची जागा आणि सरकण्याची दिशा पाहून प्युएंते हिल्सचा नकाशा पुन्हा उघडला.