क्राफ्ट कटरवर गाडीच्या मॉडेलचे पार्ट: फाइल पाठवायच्या आधी हे वाचून घ्या

आमच्याकडून नुसती स्टायरीन शीट (मॉडेलसाठीची पातळ प्लास्टिकची शीट) नेणारे आणि कटिंगही करून घेणारे, दोघांचा पहिला प्रश्न एकच असतो, हे मशीन प्लास्टिक कापतं का? कापतं पण आणि नाही पण. सिल्हूट कॅमिओ घ्या नाहीतर क्रिकट, ही मशीनं मुळात कागद आणि स्टिकरच्या व्हिनाइलसाठी बनलेली, आत एक इवलंसं पातं असतं ते शीटवरून ओढत नेतात. ०.२५ मिमी स्टायरीन दोन-चार पासमध्ये, म्हणजे त्याच रेघेवरून पातं दोन-चार वेळा फिरवलं की, आरपार जातं. ०.५ मिमीवर मात्र ते खोल रेघ मारतं आणि थांबतं, मग शीट मॅटवरून (ज्या चिकट तळावर लावून ती मशीनमध्ये घालतात) काढून रेघेवर हलकेच वाकवायची की कट्कन सुटते. १ मिमीलाही हेच, फक्त सरळ रेघा आणि मोठी वळणं ठेवा, आतल्या बाजूचे कोपरे शेवटी हातातल्या सुरीनेच मोकळे करावे लागतात. ३ मिमीचा सनबोर्ड घेऊन येणारे बरेच असतात, तो आमच्या मशीनवर होत नाही, कृपया आग्रह करू नका.

लेझरवर का नाही करत, हेही विचारतात. पातळ स्टायरीनची कड लेझरने वितळते, आणि सनबोर्ड असतो पीव्हीसीचा, तो जाळला की क्लोरिनवाला विषारी धूर निघतो. पात्याचं तसं नाही, कड स्वच्छ येते. फक्त पातं प्लास्टिक काढून टाकत नाही, बाजूला सारतं, त्यामुळे कटच्या कडेला बारीक उंचवटा राहतो, तो ४०० किंवा ६०० नंबरच्या वॉटर पेपरने उतरवूनच पार्ट चिकटवा.

आता माप. उदाहरणाला प्रीमियर पद्मिनी घेऊ, मुंबईच्या रस्त्यावरून काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये गेली आणि तेव्हापासून तिचीच विचारणा जास्त. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर म्हणजे व्हीलबेस २३४० मिमी, १:२४ मध्ये (खऱ्या गाडीच्या चोविसाव्या भागाएवढ्या मॉडेलमध्ये) ९७.५ मिमी. नेटवरच्या ब्लूप्रिंटवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, आधी साइड व्ह्यूमध्ये व्हीलबेस ९७.५ ला आणा आणि मग बाकीची मापं खऱ्या गाडीशी ताडून बघा, बऱ्याचदा उंचीच चुकलेली सापडते. बाजूने काढलेल्या फोटोवरून ट्रेस करणार असाल तर तो लांबून झूम करून काढलेला असू दे, जवळून काढला की गाडीची दोन्ही टोकं लहान दिसतात.

मशीनचं काम सपाट गोष्टींचं. फ्लोअर, दाराचे आतले पॅनल, सीटचा बेस, डॅशबोर्ड (०.२५ चे दोन-तीन थर एकावर एक, मधल्या थरात मीटरची गोल भोकं). भोक मात्र २-३ मिमीपेक्षा लहान असेल तर ते कटरवर नको, पात्याचं टोक मधल्या अक्षापासून थोडं बाजूला असतं त्यामुळे बारीक गोल वाकडे येतात, तिथे सेंटरला नुसती खूण मागा आणि हातातल्या ड्रिलने पाडा. काचांना ओएचपी शीट (पारदर्शक प्लास्टिकची) चालते, पण ती इन्स्टंट ग्लूने चिकटवू नका, पांढरा धुरकट थर धरतो आणि मग तो पुसूनही जात नाही. टपावरचा कॅरियर तारेचाच करा, आम्ही फार तर तारा सोल्डर करताना सरळ बसाव्यात म्हणून खाचांचं टेम्प्लेट कापून देऊ, तेही जाड कार्डचं, कारण स्टायरीन उष्णतेने वितळेल.

नंबरप्लेट ५०० बाय १२० मिमीची, म्हणजे १:२४ ला साधारण २०.८ बाय ५ मिमी, ती आरामात कापून मिळेल. अक्षरं नाही. खऱ्या प्लेटवर अक्षराची रेघ १० मिमी जाड असते, ती इथे ०.४ मिमी होते आणि व्हिनाइलमधून सोलतानाच तुटते, तेव्हा अक्षरं डेकलवर (पाण्यात भिजवून चिकटवायच्या पातळ छापील फिल्मवर) प्रिंट करून घ्या.

खरं सांगायचं तर आमच्या मते या मशीनचा सगळ्यात मोठा फायदा पार्टमध्ये नाहीच, मास्किंगमध्ये आहे, म्हणजे रंग मारताना नको तो भाग झाकण्यात. काळ्या-पिवळीला आधी पिवळा मारायचा, नीट वाळू द्यायचा, मग टप झाकून काळा. पण टप सगळीकडून गोलाई असलेला, त्यावर सपाट कापलेला मोठा मास्क बसत नाही, सुरकुत्या पडतात आणि खालून रंग शिरतो. म्हणून कटरवर फक्त कडेची ३-४ मिमीची पट्टी कापा, बाकीचा भाग साध्या मास्किंग टेपने भरा. आकार मिळवायचा तर बॉडीवर टेप लावा, कडेने पेन्सिल फिरवा, टेप सोलून कागदावर चिकटवा, स्कॅन करा आणि ट्रेस. एका बाजूचं झालं की दुसरी बाजू मिरर करायला विसरू नका, तीच फाइल दोनदा कापून नेणारे दर महिन्याला कोणीतरी असतंच. व्हिनाइल कमी चिकटीचं स्टेन्सिलवालं घ्या, बोर्ड-बॅनरचं परमनंट व्हिनाइल खालचा पिवळाही सोबत घेऊन येतं.

घरी स्वतःचं मशीन असेल तर प्रेशर वाढवण्यापेक्षा पास वाढवा आणि स्पीड कमी ठेवा. शीट मॅटवर चारही कडांनी टेपने बांधा, नाहीतर तिसऱ्या पासला सरकते आणि डबल रेघा येतात. क्रिकट मेकरला जाड शीट असेल तर दांड्यावरची पांढरी चाकं एका बाजूला सरकवून ठेवा, त्यांचे ठसे उमटतात. कार्डशीटचे पार्ट पावसाळ्यात फुगतात, कोकणपट्टीत तर फारच, म्हणून कापल्यावर लगेच लॅकरचा हात द्या.

फाइल एसव्हीजी किंवा डीएक्सएफ (फोटो नव्हे, रेघांच्या ड्रॉइंगच्या फाइली), मापं मिमीमध्ये. सिल्हूटच्या सॉफ्टवेअरच्या फुकट व्हर्जनमध्ये एसव्हीजी उघडत नाही, तिथे डीएक्सएफ लागते. एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात जाताना साइझ गुपचूप बदलते, कुठे इंचाला ७२ पिक्सेल धरतात, कुठे ९६, जुन्या इंकस्केपमध्ये (ड्रॉइंगचं फुकट सॉफ्टवेअर) ९० होते. म्हणून प्रत्येक फाइलच्या कोपऱ्यात ५० मिमीचा एक चौकोन काढून पाठवा. आम्ही आधी तोच मोजतो, आणि ५० नाही आला तर कापायच्या आधी तुम्हाला फोन करतो.