राग म्हणजे कुकरमधली वाफ नव्हे

राग दाबून ठेवला की तो आत साचतो आणि एक दिवस फुटतो, म्हणून वेळच्या वेळी बाहेर काढून मोकळे व्हावे, हे मत मराठवाड्यात गावच्या पारापासून एस.टी.च्या बाकापर्यंत कुठेही ऐकू येते. ‘आमचे घराणेच तापट, आम्हाला आवरत नाही’ हे त्याचेच भावंड. दोन्ही मतांच्या मुळाशी एकच समजूत आहे, ती अशी की राग कुकरमधल्या वाफेसारखा आपोआप तयार होतो आणि माणसाच्या हाती केवळ शिट्टी होऊ देणे उरते. ही समजूत चुकीची आहे. शिवाय तिच्यावर विश्वास ठेवल्याने संयम ढिला होतो, हे प्रयोगांत दिसून आले आहे.

व्हिएन्नाचे जोसेफ ब्रॉयर आणि सिग्मंड फ्रॉइड यांनी १८९५ साली कोंडलेल्या भावनांना वाट करून देण्याचा विचार मांडला आणि पुढे तो लोकांच्या बोलण्यात मुरला. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी २००२ साली ६०० विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात त्याची परीक्षा घेतली. विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या निबंधावर अपमानकारक शेरे मारून त्यांना आधी चिडवण्यात आले. मग काहींना त्या टीकाकाराचा विचार करत, तर काहींना व्यायामाचा विचार करत मुष्टियुद्धाच्या पिशवीवर ठोसे मारायला सांगितले, आणि काहींना दोन मिनिटे नुसते बसवून ठेवले. ज्यांनी टीकाकार डोळ्यांपुढे आणून ठोसे मारले, ते सर्वांत जास्त चिडलेले राहिले. जे नुसते बसून होते, ते सर्वांत कमी आक्रमक ठरले. १९९९ साली याच बुशमन यांनी सहकाऱ्यांसह केलेला प्रयोग मला अधिक अस्वस्थ करतो. ‘राग बाहेर काढणे हितकारक असते’ असे सांगणारा बनावट लेख ज्यांना आधी वाचायला दिला होता, त्यांनी अपमानानंतर पिशवी बडवण्याची अधिक इच्छा दाखवली आणि ती बडवून झाल्यावरही ते शांत झाले नाहीत, उलट जास्त आक्रमकपणे वागले. म्हणजे खोट्या सिद्धान्ताने माणसाला आधी परवानगी दिली आणि मग राग वाढवला.

मग राग गिळावा का? तेही पुरेसे नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स ग्रॉस यांनी १९९८ साली किळसवाणी चित्रफीत दाखवून केलेल्या प्रयोगात ज्यांनी चेहरा कोरा ठेवला, त्यांच्या मनातली किळस कमी झाली नाही आणि शरीरावरचा ताण मात्र वाढला. ज्यांनी त्याच दृश्याकडे तटस्थ वैद्यकीय नजरेने पाहिले, त्यांना मुळात किळसच कमी वाटली. या दुसऱ्या मार्गाला पुनर्मूल्यांकन म्हणतात, आणि माझ्या मते संयमाचे सगळे मर्म त्यात आहे.

आपल्याकडचेच उदाहरण घेऊ. सकाळी शेतात गेल्यावर सामाईक बांध हातभर कोरलेला दिसतो, नांगराचे ताजे तास आपल्या हद्दीत आलेले असतात आणि बाभळीची मुळे उघडी पडलेली असतात. ‘भावकीने मुद्दाम केले’ असा अर्थ मनात आला की छाती धडधडू लागते. ‘भाड्याच्या ट्रॅक्टरने रात्री नांगरट झाली, चालकाला हद्द ठाऊक नव्हती’ अशी शक्यता मनात आली की तोच बांध पाहताना धडधड कमी होते. मोजणीचा अर्ज करायचा असेल तर तो करावाच. पुनर्मूल्यांकन म्हणजे हक्क सोडणे नव्हे.

या वेळी मेंदूत काय घडते? अप्रिय गोष्टीची दखल घेणारा अमिग्डाला हा बदामाच्या आकाराचा भाग कानशिलामागे खोलवर असतो, तर नियोजन करणारी अग्रललाट प्रांतस्था, म्हणजे मेंदूच्या पुढच्या भागाचा बाहेरचा थर, कपाळामागे असते. पुनर्मूल्यांकन करताना अग्रललाट भागाची क्रिया वाढते आणि अमिग्डालाची घटते. मात्र अग्रललाट प्रांतस्थेच्या बाह्य पृष्ठभागाचा अमिग्डालाशी थेट संबंध फारच विरळ आहे, मग परिणाम पोहोचतो कसा? आतल्या बाजूचा मध्य-अग्रललाट भाग मध्यस्थी करत असावा, असे बराच काळ मानले जात होते. परंतु २०१४ साली ४८ मेंदूप्रतिमा-अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण झाले, तेव्हा त्या भागाची सातत्याने वाढलेली क्रिया आढळली नाही. आढळली ती शब्दार्थ आणि वस्तूंचे अर्थ सांभाळणाऱ्या कानशिलाकडच्या प्रांतस्थेची. यावरून संशोधकांनी असे सुचवले की अग्रललाट भाग अमिग्डालाला थेट दाबत नाही, तो दृश्याचा अर्थ बदलतो आणि अमिग्डाला त्या बदललेल्या अर्थाला प्रतिसाद देतो. राग शांत व्हावा म्हणून ज्योतिषी बोटात मोती घालायला सांगतात. कॅल्शियम कार्बोनेटच्या त्या थरांना या प्रक्रियेत कोणतीही जागा नाही, आणि तापट माणसाने त्यावर पैसे घालवू नयेत.

पैठणच्या एकनाथांची आख्यायिका कीर्तनांतून सर्वांनी ऐकलेली असते. गोदावरीत स्नान करून येताना एक माणूस त्यांच्यावर पुन्हा पुन्हा थुंकला आणि ते दर वेळी शांतपणे परत नदीवर गेले. आख्यायिका हा पुरावा नव्हे, पण तिच्यातला तपशील अचूक आहे. नाथांनी दात-ओठ खाऊन राग गिळला, असे कथा सांगत नाही. तुझ्यामुळे मला इतक्यांदा गोदास्नान घडले, असे ते त्या माणसाला म्हणतात. अपमानाचा अर्थच तिथे पालटलेला आहे.

मर्यादाही सांगायला हवी. भावना अतिशय तीव्र असताना लोक पुनर्मूल्यांकनाऐवजी लक्ष दुसरीकडे वळवणे पसंत करतात, असे २०११ च्या एका अभ्यासात दिसले. संतापाच्या पहिल्या झटक्यात जागेवरून उठून जाणे आणि अर्थाचा विचार नंतर करणे, हाच व्यवहार्य क्रम दिसतो.

‘संयम वापरला की संपतो’ हा सिद्धान्तही असाच लोकप्रिय झाला होता. मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमाइस्टर यांच्या १९९८ च्या प्रयोगात चॉकलेटचा मोह टाळून मुळ्याचे कंद खाल्लेल्या लोकांनी पुढचे अवघड कोडे लवकर सोडून दिले होते. २०१६ साली २३ प्रयोगशाळांनी मिळून हा सिद्धान्त तपासला, तेव्हा परिणाम जवळजवळ शून्य निघाला. कृष्णा सवानी आणि व्हेरोनिका योब यांनी २०१७ साली भारतीयांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. मनाला कष्ट दिल्याने बळ वाढते असे भारतीय लोक अमेरिकनांपेक्षा अधिक मानतात, आणि कष्टाचे पहिले काम करून आलेल्या भारतीयांनी दुसरे काम अधिक चांगले केले, असे त्यांना आढळले. एका अभ्यासमालिकेवरून भारतीयांच्या मनाचा स्वभाव ठरवता येणार नाही, आणि हे प्रयोग लातूर-परभणीच्या शाळकरी मुलांवर, मराठीतून, मोठ्या संख्येने पुन्हा व्हायला हवेत.