इकोत ब्लॉकेज दिसत नाही

‘इको नॉर्मल आला, म्हणजे ब्लॉकेज नाही’ असं बीड-परभणीकडं वर्षानुवर्षं बोललं जातं. हे चूक आहे, आणि जिवावर बेतणारं आहे. इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी; त्यात हृदयाची हालचाल आणि झडपा दिसतात. रक्तवाहिन्यांतले अडथळे अँजिओग्राफीत दिसतात. छातीत कळ येऊन घाम फुटला, तर जुन्या रिपोर्टवर विसंबून घरी थांबू नका.

मग अत्यवस्थ रुग्णाच्या खाटेशीच इको का करतात? रक्तदाब का कोसळला, हे शोधायला. हृदयाभोवती पाणी साचून ते दाबलं जातंय का? डावा कप्पा थकलाय का? उजवा कप्पा फुगला असेल, तर फुप्फुसात गुठळी अडकल्याची शंका येते. हृदय बंद पडल्यावर छाती दाबून सीपीआर चालू असताना मात्र हे सगळं बघायला जेमतेम 10 सेकंद मिळतात, कारण छाती दाबणं त्याहून जास्त थांबवायचं नसतं.