मिन्स्ट्रेल शो ही गुलामांची लोककला नव्हती

‘तोंडाला काळं फासून होणारे अमेरिकेतले नाच-गाण्यांचे मिन्स्ट्रेल शो म्हणजे दक्षिणेतल्या मळ्यांवरच्या गुलामांची लोककला,’ असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. गाण्यांत कापसाची शेतं, हातात बँजो हे तंतुवाद्य; तसं वाटणं स्वाभाविकच.

पण हे घडलं कुठे ते बघा. १८४३ साली न्यूयॉर्कमध्ये चार गोऱ्या कलाकारांनी जळक्या बुचाची काजळी फासून मंडळी उभी केली आणि या प्रकाराला ठरीव रूप आलं. त्या राज्यातली गुलामगिरी १८२७ मध्येच संपली होती. प्रेक्षक शहरी, बहुतांशी गोरे. मळ्यावरचा ‘आनंदी गुलाम’ ही रंगमंचावर रचलेली प्रतिमा होती, आणि तिने खरी वेदना झाकली, हे मला फार गंभीर वाटतं.

यात खरा अंश आहे तो बँजोचा: त्याचं मूळ आफ्रिकी. अमेरिकेतल्या उत्तर-दक्षिण यादवी युद्धानंतर कृष्णवर्णीय कलाकारांच्याही मंडळ्या निघाल्या. रंगभूमीवर शिरायला त्यांना दुसरी वाट फारशी नव्हती, आणि त्यांतल्या अनेकांना स्वतःच्या चेहऱ्यावरही काजळी लावावी लागली.

पडताळायचं असेल तर ग्रंथालयांनी ऑनलाइन ठेवलेल्या जुन्या जाहिराती आणि गाण्यांच्या छापील प्रती उघडा. साल आणि शहर वाचा. दक्षिणेचं गाणं म्हणून गाजलेलं ‘डिक्सी’सुद्धा १८५९ मध्ये न्यूयॉर्कच्या मिन्स्ट्रेल रंगमंचावरच पहिल्यांदा गायलं गेलं.