अ‍ॅक्टिव्हेशन एनर्जीचा ग्राफ १/टी वरच का काढतात?

अ‍ॅक्टिव्हेशन एनर्जी म्हणजे रिअ‍ॅक्शन होण्यासाठी लागणारी किमान ऊर्जा. ती काढायला लॉग के (के म्हणजे वेगाचा स्थिरांक, लॉग नैसर्गिक) विरुद्ध १/टी (टी म्हणजे केल्विनमधलं तापमान) चा ग्राफ काढा, स्लोप घ्या, उणे चिन्ह सोडून वायू-स्थिरांक आर म्हणजे ८.३१४ ने गुणा, हे बारावीला सगळ्यांनी केलंय त्यामुळे ते सोडून देतो. खरी भानगड त्या आडव्या अक्षाची आहे आणि पुस्तकात तीच नसते.

१८५० मध्ये जर्मनीत उसाची साखर अ‍ॅसिडमध्ये किती वेगाने फुटते ते पोलॅरिमीटरने (द्रावण प्रकाशाचं प्रतल किती फिरवतं ते मोजणारं उपकरण) मोजलं गेलं, तिथून वेगाचे भरवशाचे आकडे यायला लागले. पुढे १८८४ ला एका डच केमिस्टने समतोलाच्या नियमावरून तापमानाचं सूत्र सुचवलं (१/टी इथूनच आलं), आणि १८८९ मध्ये एका स्वीडिश केमिस्टने याच साखरेवर बोट ठेवून सांगितलं की सगळी साखर रिअ‍ॅक्ट होत नाही, त्यातली थोडीच ‘सक्रिय’ असते आणि तापवलं की तिचं प्रमाण वाढतं.

पण हे लगेच कोणी मान्य केलं नाही!! १८६२ च्या फ्रेंच सूत्रात आडव्या अक्षावर नुसतं टी होतं. १८९५ मध्ये इंग्लंडमधल्या दोघांनी हायड्रोजन पेरॉक्साइड-आयोडाइडचे अतिशय काटेकोर आकडे देऊन म्हटलं की वेग टी च्या घाताने वाढतो, म्हणजे अक्षावर लॉग टी घ्या. आणि गंमत म्हणजे तिन्ही रेषा जवळपास सरळच येतात, कारण ० ते ५० डिग्री म्हणजे २७३ ते ३२३ केल्विन, एवढ्याशा पट्ट्यात टी, लॉग टी आणि १/टी यांच्यात फरकच पडत नाही. म्हणजे नुसत्या आकड्यांवर निकाल लागणं शक्यच नव्हतं. १/टी जिंकलं कारण त्याच्या स्लोपला ऊर्जा असा अर्थ होता, त्या घाताला काहीच नव्हता. माझ्या मते निर्णय बरोबरच होता, पण ‘रेष सरळ आली म्हणून सिद्ध झालं’ असं शिकवणं चूक आहे.

१९३५ च्या ट्रान्झिशन स्टेट थिअरीत (रिअ‍ॅक्शन मधल्या एका अस्थिर अवस्थेतून जाते असं मानणारा सिद्धांत) वेगाच्या सूत्रात टी पुढेही गुणाकारात आला, त्यामुळे द्रावणातल्या रिअ‍ॅक्शनला स्लोपची ऊर्जा आणि त्या अवस्थेपर्यंतची एन्थाल्पी (उष्णतेतला फरक) यात आर गुणिले टी चा, रूम टेम्परेचरला मोलमागे साधारण २.५ किलोज्यूलचा फरक. मग १९५७ पासून घन पदार्थ ठरावीक दराने तापवत जाऊन ऊर्जा काढायची पद्धत रुळली आणि जुनाच घोळ परत: एकाच हीटिंग रेटच्या (तापवण्याच्या दराच्या) डेटावर रिअ‍ॅक्शन कशी पुढे सरकते याची वेगवेगळी मॉडेलं बसवली तर प्रत्येकाची रेष सरळ, आणि ऊर्जा मात्र प्रत्येकाची वेगळी, कधी कधी दुप्पट-तिप्पट. २००० च्या सुमारास अनेक लॅबनी एकच डेटा सोडवून हे दाखवलं, तरी असे पेपर अजून येतात. किमान तीन हीटिंग रेट घ्या असं आता स्पष्ट सांगितलं जातं.